पन्नास पावसाळे, चार ओळी

अंधेरीकराला २६ जुलै २००५ हा दिवस समजावून सांगावा लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हा आकडाही अनेकांना पाठ असतो. पण १९८३च्या २६ जुलैला हवा कशी होती? तुमचा जन्म झाला त्या दिवशी? अशा रोजच्या नोंदी ठेवलेल्या असतात, आणि त्या फुकट मिळतात. फक्त ज्या सर्व्हरवर त्या आहेत, त्याचं घर विमानतळापलीकडे नाही. ते आहे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल नावाच्या डोंगराळ गावी!

वेधशाळांची निरीक्षणं जगभरच्या हवामान खात्यांच्या सामायिक जाळ्यात जातात. अ‍ॅशव्हिलचं हवामान-नोंदींचं केंद्र त्यांचा दिवसागणिक गोषवारा करतं आणि प्रत्येक ठिकाणाची, प्रत्येक वर्षाची एक फाइल बनवतं. आता १९७५ ते २०२४ असे पन्नास पावसाळे हवे असतील तर? पन्नासदा पान उघडा, पन्नासदा क्लिक करा, आणि मध्येच कुठलंतरी वर्ष गाळा. गाळणारच. माणूस आहोत आपण.

पण जरा त्या फाइलीच्या नावाकडे बघा. ४३००३०९९९९९. दिसायला रुक्ष, पण पहिले पाच आकडे म्हणजे जागतिक हवामान संघटनेच्या यादीतला सांताक्रूझचा क्रमांक. कुलाब्याचा ४३०५७. हे नाव दरवर्षी तेच राहतं. पत्त्यात बदलतं ते फक्त फोल्डरचं नाव, आणि ते म्हणजे सरळ वर्षाचा आकडा. आणि आकडे मोजत जाणं हे संगणकाइतकं बिनचूक कोण करतं?

म्हणून शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, एवढीशीच पुरते. पहिली ओळ सांगते: वर्ष १९७५पासून २०२४पर्यंत एकेकाने वाढवत जा. दुसरी: पत्त्यात वर्षाच्या जागी तो आकडा घाल आणि फाइल आण. तिसरी: दोन सेकंद थांब. चौथी: संपलं, पुढचं वर्ष घे. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही लिहिता येईल अशी. एंटर दाबा आणि चहा टाका. एकही दिवस गहाळ नसेल, तर १८,२६३ दिवसांची हवा तुमच्या घरी येऊन पडलेली असेल. (तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचांत. अमेरिकन हट्ट, दुसरं काय!) माझ्या मते यातलं निम्मं श्रेय स्क्रिप्टचं नाहीच. ते फाइलींना शिस्तीने नावं देणाऱ्या त्या अनाम माणसाचं आहे.

दुसऱ्या ओळीत प्रत्यक्ष हमाली करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव वीगेट. हर्वोये निकशिच या क्रोएशियन प्रोग्रॅमरने तो १९९६ साली लिहिला, आणि त्याची चिकाटी थक्क करणारी आहे. वाटेत लाइन तुटली तर न सांगताही तो वीस वेळा प्रयत्न करतो. फाइल मुळात नाहीच असं सर्व्हरने कळवलं, तर मात्र लगेच नाद सोडतो. आणि अर्धी फाइल आल्यावर तुमच्या घरची वीजच गेली तर? पोथीचं पारायण कालच्या खुणेपासून पुढे सुरू करावं, तसं करता येतं. आपल्याकडे किती बाइट आलेत ते तो मोजतो आणि सर्व्हरला म्हणतो, एवढे आहेत, यापुढचेच दे. समुद्रापलीकडचा सर्व्हरही निमूटपणे तिथूनच पुढे वाचू लागतो!

ही सोय चैनीतून नाही, टंचाईतून आली. अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर, जुहूला, एनसीएसटी ही संस्था होती. भारताला इंटरनेटशी जोडण्यात तिचा आणि तिचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा मोठा वाटा. ऐंशीच्या दशकाअखेरीस तिथून परदेशाशी जोडलेल्या लाइनचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे आज मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा फोटो आणायला चाळीस मिनिटं! एकोणचाळिसाव्या मिनिटाला लाइन तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून करायचं?

त्याहून मागे जा. एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल कशी मागावी, याचे नियम लिहिले कोणी? एप्रिल १९७१मध्ये, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी! एफटीपीचा तो पहिला मसुदा.

पन्नास फाइली घरी कशाला, असं कोणी विचारेल. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळाचा पाऊस अ‍ॅशव्हिलवर कोसळला. वीज गेली, नळ कोरडे पडले आणि केंद्राचे सर्व्हर काही दिवस बंद राहिले. जगाच्या पावसाची वही सांभाळणारं गाव पावसानेच बंद पाडलं! नोंदी सुखरूप राहिल्या, पण त्या दिवसांत ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांचं काम अडलं नाही. ही प्रत ताजी ठेवणंही सोपं आहे. रोज पहाटे तीनला स्क्रिप्ट चालवायला क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगून ठेवा, आणि सर्व्हरवरची फाइल आपल्याकडच्या फाइलीहून नवी असेल तरच आण, असं वीगेटला. तुम्ही झोपलेले असलात तरी चालतं.

करून बघायचंय? लिनक्स असेल तर टर्मिनल हाताशी आहेच. मॅकवर वीगेट नसतो, पण स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा कर्ल असतो, तोही चालेल. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकून घ्या. आधी एकच वर्ष आणा, २००५चं. ते नीट आलं की मग पन्नास मागवा. आणि दोन सेकंद थांबण्याची ती तिसरी ओळ गाळू नका. सर्व्हर सगळ्यांचा आहे, आणि रांगेत तुमच्यामागे कोणीतरी उभं आहे.