हिरड्यांतील जिवाणूंची ओळख

हिरड्यांचा आजार बळावला की दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो. तेथे प्राणवायू जेमतेम पोचत असल्याने त्याविना जगणारे जिवाणू माजतात. सिग्मंड सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्यांपैकी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनिमा डेंटिकोला या तिघांना 'लाल गट' म्हटले. आजाराशी त्यांचा संबंध सर्वांत घट्ट आढळला.

निर्जंतुक कागदी काडी कप्प्यात काही सेकंद ठेवून नमुना घेतात. पुढे पद्धती वेगळ्या होतात.

सर्वांत जुनी पद्धत संवर्धनाची. रक्त, हेमिन आणि 'के' जीवनसत्त्व घातलेल्या अगारवर, प्राणवायूरहित पेटीत जिवाणू वाढवतात. जिंजिव्हॅलिसच्या काळ्या वसाहती दिसायला एक-दोन आठवडे लागतात. नमुना वाटेत हवेला लागला तर जिवाणू मरतात. ट्रेपोनिमा तर प्रयोगशाळेत महत्प्रयासानेच वाढतो. तरीही जिवाणू जिवंत हाती येत असल्याने कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे थेट तपासता येते. वाढलेली वसाहत 'मॅल्डी-टॉफ' यंत्रात ठेवली, तर प्रथिनांच्या ठेवणीवरून काही मिनिटांत ओळख पटते. मात्र तशी नोंद यंत्राच्या संग्रहात असावी लागते.

पीसीआर चाचणी काही तासांत मोजक्या पेशींचाही डीएनए पकडते. रिअल-टाइम पीसीआर त्यांची संख्याही सांगते. पण ज्याचा शोध घ्यायचा तोच जिवाणू तिला सापडतो आणि मेलेल्यांचा डीएनएही मोजला जातो.

सुमारे दीड हजार अक्षरांच्या '१६-एस' जनुकाचे वाचन नमुन्यातील सर्व जिवाणूंची शिरगणती करते. न वाढवता येणारेही त्यात येतात. जनुकाचा छोटाच तुकडा वाचला, तर जवळच्या प्रजाती वेगळ्या काढणे अवघड जाते.

'बाना' चाचणी दवाखान्यातच होते. ती लाल गटातील तिघांच्या सामाईक विकरावर आधारलेली असल्याने त्यांपैकी नेमका कोण, हे सांगत नाही.

पुण्यात गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राने १६-एस वाचन आणि मॅल्डी-टॉफ या दोन्ही सेवा दिल्या आहेत. वसाहतीची झटपट ओळख मॅल्डी-टॉफने होते. नोंद न जुळल्यास जनुकवाचन उपयोगी पडते.

हे जिवाणू निरोगी तोंडातही थोडे असतात. त्यामुळे नुसते सापडणे म्हणजे आजार नव्हे. बहुतेक रुग्णांचे निदान कप्प्याची खोली मोजून आणि क्ष-किरण प्रतिमेवरून होते. सफाईनंतरही आजार हटत नसेल, तेव्हा या चाचण्यांचा खरा उपयोग होतो: औषध ठरवायचे तर संवर्धन, ठरावीक जिवाणूंची संख्या हवी तर पीसीआर आणि सगळा समुदाय पाहायचा तर जनुकवाचन.