आधी चित्र, मग गोष्ट

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या वडपे गावाभोवती आता गोदामंच गोदामं दिसतात. कामासाठी लांबलांबून कुटुंबं येतात, आणि भिवंडी तालुक्यात आगरी, वारली, कातकरी बोलींच्या जोडीला हिंदी, भोजपुरीही कानावर पडते. अशा ठिकाणी अंगणवाडीत नव्यानं आलेलं मूल कित्येक दिवस गप्प राहतं. पुष्कळदा ते लाजाळू नसतंच, त्याच्याजवळचे शब्द इथे चालत नाहीत, एवढंच. चित्र मात्र त्यालाही इतरांइतकंच कळतं. म्हणून पुस्तक उघडल्या उघडल्या वाचायला लागू नये.

मुलांना जवळ, अर्धगोलात बसवा. पान त्यांच्याकडे करून धरा आणि थोडं थांबा. समजा, चित्रात एक मुलगी शाळेच्या दारात आईचा पदर धरून उभी आहे, आत मुलं खेळताहेत आणि कोपऱ्यात कुत्रा झोपलाय. ‘हे काय आहे?’ असं विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं आणि बोलणं संपतं. ‘इथे काय चाललंय?’ असं विचारा. मग पुन्हा थांबा. हे थांबणंच मोठ्यांना सर्वांत जड जातं. कुणी नुसतं बोट ठेवेल, तेही उत्तरच. कुणी ‘कुत्ता सोया’ म्हणेल. त्याला दुरुस्त करू नका. ‘हो, कुत्रा झोपलाय, दाराशीच झोपलाय,’ असं म्हणा. आपलं म्हणणं पोचलं हे मुलाला कळतं आणि नवा शब्दही कानावर पडतो. मुलाला बोलतं करणारी हीच रीत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासून पाहिली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा वाचनानं मुलांची भाषा अधिक वाढलेली दिसली.

मग मुलीकडे वळा. ती आत का जात नसेल? तिला कुणी हाक मारली तर? स्वतःची भीती सांगणं चार वर्षांच्या मुलाला अवघड असतं. चित्रातल्या मुलीची भीती ते सहज सांगतं. तात्पर्य विचारू नका, त्यानं सगळं बोलणं आटतं.

तेच पुस्तक चार-पाच दिवस पुन्हा घ्या. पुढच्या पानावर काय आहे हे माहीत झालं की गप्प मूलही आधीच सांगून टाकतं. धीर येतो तो इथे. त्यानंतर दोघांत एक पुस्तक द्या: एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग अदलाबदल. मैत्री करा असं सांगावं लागत नाही, पान उलटायला दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं.

पुस्तकं कुठून आणायची? माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ नेमकं या कामाचं आहे. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून फुकट उपलब्ध आहे. तिथे अनेक गोष्टी मराठीत आणि हिंदीतही मिळतात, त्यामुळे अंगणवाडीच्या बाईंनी मराठीत सांगितलेली गोष्ट मूल घरी आईकडून हिंदीत ऐकू शकतं. आणि गोदामांच्या गावात पुठ्ठ्याला काय तोटा! खोक्याचा पुठ्ठा कापून वेष्टन करा, आत मुलांनी काढलेली चित्रं दोऱ्यानं शिवा, वर काढणाऱ्याचं नाव घाला. हे पुस्तक कपाटात कुलूपबंद न ठेवता छापील पुस्तकांच्या शेजारी, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा.