लोहार चाळीपासून म्हसा गावापर्यंत

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेमुळे आणि तिथल्या बैलबाजारामुळे सर्वपरिचित आहे. परंतु यात्रा उठल्यावरही येथील पेठ भोवतालच्या गावपाड्यांना जे नानाविध जिन्नस पुरवीत असते, त्यांपैकी विजेचे बटण हा क्षुद्र भासणारा जिन्नस कोणत्या हातांतून येथवर येतो, हे न्याहाळण्याजोगे आहे.

त्याचे उगमस्थान मुंबईची लोहार चाळ. ज्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले, त्याच्याच शेजारी विजेच्या सामानाची ही घाऊक पेठ वसावी, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. गल्ली अरुंद, हातगाड्यांची रीघ अखंड. येथे सुटे बटण सहसा कोणी हाती घेत नाही; सौदा होतो तो खोक्यांचा, आणि घासाघीस होते ती छापील दरावरील सुटीची. कारखान्याच्या दरपत्रकावर वितरकाला जी शेकडा सूट मिळते, तिच्यातला काही अंश तो कल्याणच्या ठोक व्यापाऱ्याला देतो, त्यातला काही पुढे खेड्यातल्या दुकानदाराला मिळतो. रोख मोजणाऱ्यास थोडी अधिक. कल्याणच्या पुढे मुरबाडकडे रेल्वे नसल्याने खोकी टेम्पोने जातात, आणि ते भाडेही अखेरच्या दुकानदाराच्याच नफ्यातून वजा होते.

म्हसा येथील दुकानात मात्र खोके फुटते आणि बटण सुटे होते. दुकानदार त्यातले एखादे उचलून अंगठ्याने दाबतो आणि कानाजवळ नेऊन खटका ऐकतो. या परीक्षेला शास्त्राधार आहे. आतील स्प्रिंगने संपर्कबिंदू झटक्यासरशी विलग केले नाहीत, तर त्यांच्यामधली ठिणगी रेंगाळते, बिंदू जळतात आणि बटण तापू लागते. नंतर लोहचुंबक लावून पाहणे होते. तारा कसावयाची अग्रे पितळेची असतील तर ती चुंबकाला दाद देत नाहीत, लोखंडावर मुलामा चढविला असेल तर लगेच चिकटतात. भारतीय मानकाची मुद्रा आणि तिच्यासोबतचा ३८५४ हा क्रमांक तो सर्वांत शेवटी पाहतो, कारण नावातले एखादे अक्षर बदलून हुबेहूब वेष्टनात येणाऱ्या मालावर मुद्राही हुबेहूब उमटविलेली असू शकते.

गिऱ्हाईक येते ते फक्त "बटण द्या" म्हणत. कशासाठी, हे विचारणे दुकानदाराचे काम. सहा अँपिअरचे बटण २३० व्होल्टवर सुमारे १,४०० वॅटपर्यंतचा भार वाहते. पाणी तापविण्याचा रॉड अनेकदा १,५०० वॅटचा असतो, आणि त्याला सोळा अँपिअरचेच बटण लागते. हा हिशेब वायरमनला ठाऊक असतो. घरधन्याला तो सांगावा लागतो, आणि महाग बटण गळ्यात मारतो आहे असा संशय पत्करून सांगावा लागतो.

खरी ओढाताण उधारीची. या भागात घरबांधणीचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होऊन मृगाच्या आत आटोपतो. वायरमन माल स्वतःच्या खात्यावर नेतो, आणि घरधन्याचे भात विकले गेले किंवा घरकुलाचा हप्ता जमा झाला, की पैसे येतात. वरच्या व्यापाऱ्याची मुदत मात्र त्यापूर्वीच संपते आणि तगादा सुरू होतो. ज्याचा नफा सर्वांत तुटपुंजा, त्याच्याच माथी सर्वांत लांब उधारी आणि सदोष माल ओळखण्याची सर्वांत मोठी जबाबदारी पडावी, ही या साखळीतील व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. कारखानदारांनी ग्रामीण दुकानदाराला मुदतीत सवलत द्यावी आणि नादुरुस्त बटण विनातक्रार बदलून देण्याचा शिरस्ता पाडावा.

वाचकांनीही नवे घर बांधताना बटणांचे पक्के बिल मागावे, आणि रॉड किंवा गीझर लावावयाचा असल्यास ते दुकानात आधीच सांगावे.