ईयोबाचे पुस्तक आणि ईश्वरी प्रज्ञेवरील श्रद्धा

संकटकाळी ईश्वराच्या प्रज्ञेवर विसंबून राहावे, असे ख्रिस्ती धर्मविचार सांगतो. या विसंबण्याचा अर्थ ‘मुकाट्याने सोसणे’ एवढाच सामान्यतः केला जातो. परंतु ज्या ग्रंथाचा या संदर्भात वारंवार आधार घेतला जातो, त्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकाचे बारकाईने परिशीलन केल्यास हा अर्थ अपुरा असल्याचे दिसून येते.

या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. आरंभीचे दोन अध्याय व अखेरचा उपसंहार गद्यात असून मधला बहुतेक भाग पद्यमय संवादाचा आहे. ऊस देशातील नीतिमान ईयोबाची संपत्ती, अपत्ये व आरोग्य ही एकामागून एक नष्ट होतात. या आपत्तींमागे ईश्वर व सैतान यांच्यातील संवाद आहे, हे वाचकास प्रारंभीच कळते. ईयोबास मात्र ते अखेरपर्यंत कळत नाही. ग्रंथाची सारी रचना या अज्ञानावर उभी आहे.

सांत्वनासाठी आलेले अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र सात दिवस मौन पाळतात. मग युक्तिवाद करू लागतात. ईश्वर न्यायी आहे, दुःख हा पापाचा दंड आहे, यास्तव ईयोब पापी असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान आहे. ईश्वराची प्रज्ञा श्रेष्ठ आहे हे ते मान्य करतात; परंतु तिचा आशय आपणास अवगत आहे असे गृहीत धरतात, आणि तेथेच त्यांचा प्रमाद घडतो. ईयोब ईश्वराशी वाद घालतो, न्यायालयाच्या परिभाषेत त्याच्याकडे दाद मागतो. तरीही त्याची तक्रार ईश्वरापाशीच असते. मित्र ईश्वराविषयी बोलतात. ईयोब ईश्वराशी बोलतो.

अठ्ठाविसाव्या अध्यायात मनुष्य पृथ्वीच्या उदरातून रुपे, सोने व लोखंड काढतो, पण प्रज्ञेचे स्थान त्यास सापडत नाही, असा विचार आला आहे. अडतीस ते एक्केचाळीस या अध्यायांत वावटळीतून येणारे ईश्वराचे उत्तर याच विचाराशी सुसंगत आहे. त्यात पृथ्वीचा पाया, समुद्राच्या मर्यादा व वन्य पशू यांचे वर्णन आहे. दुःखाचे कारण मात्र कोठेही सांगितलेले नाही. उपसंहारात ईश्वर मित्रांना दोष देतो आणि ईयोबाचे बोलणे यथार्थ होते, असा निर्णय देतो. बेचाळिसाव्या अध्यायाच्या सहाव्या वचनातील ‘नाहम’ या हिब्रू धातूचे ‘पश्चात्ताप पावणे’ व ‘सांत्वन पावणे’ असे दोन्ही अर्थ होतात. मित्रांच्या सांत्वनासाठीही हाच धातू योजिलेला असल्याने दुसरा अर्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या ग्रंथाने भाष्यकारांना सतत आकर्षित केले. सहाव्या शतकात थोर ग्रेगरीने त्यावर ३५ खंडांचे नीतिपर भाष्य रचले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ईश्वरी योजनेविषयीचा वादविवाद म्हणून त्याचे शब्दार्थनिष्ठ विवरण केले. कॅल्विनने १५५४-५५ मध्ये त्यावर १५९ प्रवचने दिली. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या ज्या गुणाचा गौरव आहे, त्यासाठी ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द आला आहे. निमूट सहनशीलतेपेक्षा भाराखाली टिकून राहणे हा त्याचा अर्थ अधिक जवळचा होय.

तात्पर्य, ईश्वरी प्रज्ञेवरील श्रद्धेत दोन गोष्टी अंतर्भूत आहेत : अशी प्रज्ञा आहे हा विश्वास, आणि ती मनुष्याच्या स्वाधीन नाही ही जाणीव. पहिली सुटली तर नैराश्य येते. दुसरी सुटली तर दुःखिताच्या माथी दोष मारण्याचे क्रौर्य धर्माच्या नावाने घडते. अलीफज व त्याचे सोबती श्रद्धाहीन नव्हते; मौनाचे सात दिवस संपल्यावर ते ईश्वराच्या वतीने बोलू लागले, एवढाच त्यांचा दोष होता.