विहिरीतले पोहणे आणि वॉटर पोलो

ढाणकीच्या आसपासच्या मुलांना पोहणे कोणी शिकवावे लागत नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पाठीला पांगाऱ्याचे वाळके लाकूड किंवा झाकण बंद केलेला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि मामाने किंवा थोरल्या भावाने विहिरीत ढकलून द्यायचे. चार-आठ दिवसांत पोरगे तरंगू लागते. पुढे पैनगंगेचा डोह आहेच. परंतु या पोहण्याला पुढची पायरी नाही. काठावरून मुटका मारला, बुडी घेऊन तळची माती वर आणून दाखविली, की आपली जलक्रीडा संपली.

आपल्याकडे तरुण मंडळे पुष्कळ आहेत. कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट हे त्यांचे खेळ. त्यांपैकी एखाद्या मंडळाने वॉटर पोलो हाती घ्यावा, असे मला वाटते. हा खेळ शहरी व महागडा आहे, अशी समजूत असल्यामुळे त्याची थोडी ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

'पोलो' हा शब्द मुळात आपल्याच उपखंडातला. बाल्टी भाषेत 'पुलू' म्हणजे चेंडू. पाण्यातला खेळ मात्र एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आकाराला आला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. स्त्रियांना मात्र २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली. भारताने १९४८ साली लंडनला या खेळात भाग घेतला आणि चिलीला ७-४ असे हरविले. १९५२ साली हेलसिंकीलाही आपला संघ होता. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत तर आपण सुवर्णपदक मिळविले. १९७० साली रौप्यपदक व १९८२ साली कांस्यपदक आले. १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिक संघांतला सचिन नाग हा वाराणसीचा, म्हणजे गंगेकाठचा. नदीकाठच्या मुलाला हा खेळ परका नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे आहे.

आता खेळाविषयी. दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह सात-सात खेळाडू पाण्यात असतात. मैदान २५ ते ३० मीटर लांब व २० मीटर रुंद. गोल ३ मीटर रुंद असून त्याची आडवी दांडी पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच असते. आठ-आठ मिनिटांचे चार डाव होतात. गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत, तळाला पाय टेकवायचा नाही आणि प्रतिस्पर्ध्याने धरले असता चेंडू पाण्याखाली दाबायचा नाही. मोठी चूक करणाऱ्याला काही सेकंद बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने कमी खेळतो. पुष्कळ गोल त्याच वेळात होतात.

या खेळाचा खरा जीव पायांत आहे. खेळाडूला पाण्यात उभे राहून हात मोकळे ठेवावे लागतात. आपण विहिरीत उभे राहतो तेव्हा दोन्ही पाय बेडकासारखे एकदम झाडतो. त्यामुळे शरीर वर येते, पुन्हा खाली जाते, आणि हात मारल्याशिवाय ते स्थिर राहत नाही. वॉटर पोलोत खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे फाकवून बसायचे आणि गुडघ्यापासून खालचे पाय आळीपाळीने, एकमेकांच्या उलट दिशेने, गोल फिरवायचे. इंग्रजीत या क्रियेला अंडी फेटण्याच्या यंत्राचे नाव आहे. आपण ताकाची रवी म्हणावे. एक पाय पाणी दाबीत असताना दुसरा परत येत असतो, म्हणून आधार कधी तुटत नाही. चेंडू फेकण्याचे बळही येथूनच येते. जमिनीवर आपण पाय रोवून फेकतो, पाण्यात रोवायला काही नसते. पायांनी छाती पाण्याबाहेर उचलायची, कमरेतून वळायचे, मग हात सोडायचा. नुसत्या दंडाच्या जोरावर फेकणाऱ्याचा खांदा लवकर दुखतो.

हे पाय पाण्याविना शिकता येतात. ओट्याच्या कडेला बसून, पाय खाली सोडून रोज दहा मिनिटे रवी फिरवावी. डावा पाय बहुधा ऐकत नाही. त्याला जास्त वेळ द्यावा. पाण्यात मग आधी हात पाण्यात ठेवून, नंतर मनगटे बाहेर काढून, शेवटी कोपर वर करून उभे राहावे. सलग १०० मीटर पोहणे आणि हात वर ठेवून दोन मिनिटे उभे राहणे, एवढे जमल्याखेरीज कोणाच्या हाती चेंडू देऊ नये, असे माझे मत आहे.

एका बाबतीत मात्र विहिरीत शिकलेला मुलगा तलावातल्या मुलाच्या पुढे असतो. तो डोके वर ठेवून पोहतो. शर्यतीचे शिक्षक ही सवय मोडतात. वॉटर पोलोत ती हवीच असते, कारण चेंडू दोन हातांमधल्या लाटेवर पुढे ढकलत न्यायचा आणि नजर सवंगड्यांवर ठेवायची असते.

साहित्याचा खर्च फार नाही. स्त्रियांच्या खेळातील चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो, आणि व्हॉलीबॉलचाही तेवढाच. व्हॉलीबॉल हलका व गुळगुळीत असतो, तरी सुरुवातीला खरबरीत रबरी चेंडूवर निभावते. प्लॅस्टिकच्या नळ्यांचा गोल, त्याला जाळी, आणि तरंगण्यासाठी बूच लावलेले रिकामे कॅन. निळ्या व पांढऱ्या टोप्या आपला शिंपी शिवून देईल, पण कानावरचे कडक कवच विसरू नये. ते कानाला चेंडूच्या माऱ्यापासून वाचवते. नखे कापलेली हवीत. अंगाला तेल चोपडून उतरणेही नियमाबाहेरचे आहे, हे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्न जागेचा. विहीर अरुंद. डोहात वाळू उपशाचे खड्डे कोठे आहेत ते वरून दिसत नाही. शेततळ्याचा मोह तर कोणीही धरू नये. त्याचा प्लॅस्टिकचा उतार ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बुडालेल्यांच्या बातम्या आपण सारेच वाचतो. म्हणून मंडळाने पहिला धडा द्यावा तो दोर फेकण्याचा. बुडणाऱ्याकडे उडी न घेता काठावरून दोर, धोतर, बांबू, हाताला येईल ते देणे, आणि पाण्यात नेहमी जोडीने उतरून दर काही मिनिटांनी मोजणी करणे. एवढे शिकूनही मंडळ वॉटर पोलोपर्यंत पोहोचले नाही, तरी मला ते चालेल.

मुलींचे काय, हेही विचारले पाहिजे. गावात पोहणाऱ्या मुली आहेत, पण वयात आल्या की त्यांची विहीर सुटते. बंदिस्त तलाव, स्वतंत्र वेळ आणि शिकवणारी बाई असल्याशिवाय घरचे पाठवणार नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. सोय मात्र आपण मागायला हवी.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे पोहण्याचा तलाव आहे. विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत वॉटर पोलोही असतो. सुट्टीत चार-पाच मुलामुलींनी शहरात जाऊन नीट शिकून यावे आणि इथे दहा जणांना तयार करावे. पण सरावाला आपला तलाव लागेलच. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व १.८ मीटर खोल तलावाला साडेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी लागते. उन्हाळ्यात हंड्यासाठी रांग लावणारा माणूस हा आकडा ऐकून रागावेल, आणि त्याचे बरोबर आहे. गाळणी यंत्र असल्यास तेच पाणी दीर्घकाळ वापरता येते. हंगाम पावसाळ्यापासून माघापर्यंत ठेवून टंचाईत तलाव बंद ठेवावा, अशी अट आपणच अर्जात घालावी.

नगर पंचायतीकडे असा अर्ज करायचा झाल्यास खोलीचा मुद्दा ठळक लिहावा. पुष्कळ ठिकाणी तीन फुटांपासून उतरत जाणारा तलाव बांधतात. नवशिक्यांना तो बरा. पण उथळ बाजूला पाय टेकतात आणि तेथे वॉटर पोलो होत नाही. एका टोकाला नवशिक्यांसाठी वेगळा उथळ हौद आणि मोठा तलाव सर्वत्र सारखा १.८ मीटर, असा नकाशा आधीच मागून घ्यावा. बांधून झाल्यावर खोली वाढवता येत नाही.