गाडी किती पळालीय?

जुनी गाडी बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि विकणाऱ्याचं उत्तरही तयार असतं. ‘फक्त चाळीस हजार, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी.’ महाराष्ट्रातले डॉक्टर इतक्या गाड्या घेतात कधी आणि विकतात कधी, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

समजा, आजी-आजोबा आणि मुलं धरून सात जणांचं कुटुंब आहे. मे महिन्यात गाव, दिवाळीनंतर कोकण, मधे एखादं लग्न, एवढ्यासाठी मोठी गाडी हवी आहे. नवी घेण्याइतके पैसे नाहीत. समोर दोन गाड्या आहेत. एक 2014 ची डिझेल इनोव्हा, दोन लाख किलोमीटर, बहुतेक सगळे पुणे–नाशिक हायवेवर. दुसरी 2018 ची मारुती ईको, चाळीस हजार किलोमीटर, सगळे शहरातल्या शहरात: सकाळी शाळेच्या फेऱ्या, दुपारी उभी, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. दहातले आठ जण डोळे झाकून ईकोकडे वळतील. इंजिनाला विचारलं तर ते इनोव्हाच्या बाजूनं कौल देईल.

इंजिन झिजतं ते धातूला धातू घासला की. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. इंजिन गरम आहे आणि एका लयीत फिरतंय, तोवर हा थर टिकतो. रात्रभर उभ्या गाडीत मात्र बरंचसं ऑइल खाली उतरलेलं असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ते सगळीकडे पोचेपर्यंतचा वेळ इंजिनाला सर्वांत महागात पडतो. त्यात थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं काही न जळता भिंतीवरून ओघळतं आणि जाता जाता ऑइलचा थर धुऊन नेतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनपासून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले की ते वाफ होऊन बाहेर पडतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापतच नाहीत. मग हे पाणी सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून कुजवतं आणि थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. शिवाय सिग्नलला, शाळेच्या फाटकाशी गाडी चालू ठेवून घालवलेले तास मीटरवर उमटत नाहीत. किलोमीटर चाळीस हजार, पण इंजिनाचं वय त्याच्या कितीतरी पुढचं. हायवेवरची इनोव्हा सकाळी एकदा सुरू होते आणि दोनशे किलोमीटर गेल्यावरच थांबते. दोन लाखांत तिचे थंड स्टार्ट ईकोपेक्षा कमी भरले, तरी नवल नाही.

म्हणून गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि आधी सांगून ठेवायचं की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा; ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथं सीट उचलून बघावं लागतं. इंजिन कोमट लागलं, तर आपण यायच्या आधीच कुणीतरी त्याला जागं केलंय. थंड इंजिन सुरू होताना सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ दोन मिनिटांत विरली तर ते तेच पाणी, चिंता नाही. ती येतच राहिली आणि रेडिएटरमधलं कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून वर अलगद ठेवा. ते थडथड उडू लागलं आणि तिथून धूर यायला लागला, तर मेकॅनिक एकच शब्द उच्चारतो: ‘बॅक कॉम्प्रेशन.’ जळलेला वायू रिंगांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये शिरतोय. अशा गाडीवर पुढे घासाघीस करू नये, सरळ चहा पिऊन परत यावं.

मीटर मागे फिरवणं हा या बाजारातला जुना धंदा. काटे आणि चाकांचं मीटर असताना ड्रिल लावायचे, आता लॅपटॉप लावतात. पण गाडीतल्या अनेक कंट्रोल युनिट्सपैकी काहींमध्ये अंतराची वेगळी नोंद राहते आणि ती बदलायचं भान प्रत्येकाला नसतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर आज सहज मिळतो. त्यात आणखी एक उपयोगी आकडा दिसतो: दोषांचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. हा आकडा 8 किंवा 10 किलोमीटर असेल, तर कालच कुणीतरी डॅशबोर्डवरचा दिवा विझवलाय. यंत्र नसेल तर क्लचच्या पेडलचं रबर बघा. चाळीस हजारांत ते गुळगुळीत होत नाही.

2005 ते 2016 च्या डिझेल इनोव्हात कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग बेल्ट आहे, नंतरच्या क्रिस्टात चेन. बेल्ट रबराचा. तो तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. बेल्ट कधी बदलला, याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलला नाही असं धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन पैसे टाकून दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा तसा होत नाही, आणि महाराष्ट्रात पत्र्याचे दोन मोठे शत्रू आहेत: खारा वारा आणि पूर. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ आलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणजे गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. रंगाला पडलेल्या बारीक चिरेतून क्लोराइड आत शिरतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो. दाराच्या खालच्या कडेला तांदळाएवढे फोड दिसले, तर आत त्याच्या कितीतरी पट पत्रा खाल्लेला असतो. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडची गाडी असेल तर ती जॅकवर नाही, लिफ्टवर चढवून खालून बघा. ताज्या काळ्या अंडरकोटिंगनं भुलू नका. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चासीवर आणि दाराखालच्या पट्टीवर ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. ईकोत सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत बोट फिरवा. तिथं माती आणि पाणी वर्षानुवर्षं साचतं.

रंगाची जाडी मोजणारं हातातलं यंत्रही आता परवडणाऱ्या किमतीला मिळतं. लोखंडी पत्रा आणि यंत्राचं टोक यांच्यात किती अंतर आहे, हे ते चुंबकत्वावरून ओळखतं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या दारावर 250-300 दिसतील. आकडा हजाराच्या पुढे गेला की तिथं लांबी भरलेली आहे, म्हणजे ठोकर बसली होती. एखाद्या दाराला तसं असणं गुन्हा नाही. छपराला किंवा छपराच्या खांबांना असेल तर ती गाडी उलटली होती का, हे विचारायला हवं.

पुराची गाडी याहून फसवी. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा ‘टोटल लॉस’ गाड्या विमा कंपन्या लिलावात विकतात. त्या धुऊन, वाळवून, सुगंधी फवारा मारून दुसऱ्या जिल्ह्यात उभ्या राहू शकतात. सीट कव्हर नवं घालता येतं, पण सीट बेल्ट सहसा कुणी बदलत नाही. तो शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल, तर पाणी तिथवर आलं होतं. मग सीटखालचे बोल्ट, स्टेपनीची खाच, आणि वायरिंगच्या एका-दोन कनेक्टरमधला तांब्याचा रंग बघा. तांबं हिरवं पडलं असेल तर आज सगळं चालू असलं तरी पुढच्या पावसाळ्यात काचा, दिवे, एअरबॅगचा सेन्सर यांतलं कोण कधी बंद पडेल, सांगता येणार नाही.

सहलीच्या गाडीचा खरा कस घाटात लागतो, तोही उतरताना. सात माणसं आणि सामानासह इनोव्हा साधारण 2,200 किलो भरते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे 500 मीटरनं कमी होते. वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला तर सुमारे 1 कोटी 8 लाख ज्यूल ऊर्जा येते. 30 अंशांचं 35 लिटरहून जास्त पाणी उकळीला आणायला ती पुरेल. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते. उरलेली एकतर खालच्या गिअरमध्ये इंजिन खातं, नाहीतर ब्रेक. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारे वीर ती सगळी ब्रेकवर लादतात.

इथं जुन्या गाडीची एक साधी गोष्ट जिवावर बेतू शकते: ब्रेक ऑइल. ते हवेतली वाफ शोषून घेतं. नवं डॉट-3 ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की त्याचा किमान उत्कलनबिंदू 140 अंशांवर येतो. घाटात तापलेल्या कॅलिपरपाशी ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. कोकणातल्या दमट हवेत चार-पाच वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल ही कल्पनाच मला नको वाटते. गाडी घेतल्यावर पहिला खर्च म्युझिक सिस्टीमचा नाही, याचा करावा. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर उन्हानं आणि ओझोननं कडक झालेलं असतं.

आता थोडं कटू. ईको आणि तिच्या आधीची ओम्नी या उपयोगी, स्वस्त, दुरुस्तीला सोप्या गाड्या. 1984 ला आलेल्या मारुती व्हॅननं, म्हणजे पुढच्या ओम्नीनं, कितीतरी कुटुंबांना पहिल्यांदा देवदर्शनाला नेलं. पुढे सुरक्षेचे कडक नियम आले आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण ताशी 64 किलोमीटरला समोरून धडक झाली आणि शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबलं, तर त्यावर सरासरी 32 पट गुरुत्वाकर्षणाएवढं बल येतं. चुरगळायला पाव मीटरच मिळाला तर 64 पट. ज्या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे लगेच बंपर आहे, तिथं चुरगळायला जागा आणायची कुठून? 2016 मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली ईको आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. गावातल्या गावात ठीक, पण सात जणांना घेऊन एक्स्प्रेसवेला ती नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इनोव्हा घेतानाही एअरबॅगवालं मॉडेल शोधा. खालच्या मॉडेलांत त्या नसायच्या.

इंधनाचं गणित प्रत्येकाचं वेगळं. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी व्हायला हवी, तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते. आत सुमारे 200 बार दाब असतो, तेव्हा इथं भिडस्तपणा नको. एप्रिल 2023 च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांत आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जातंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणार, आणि जुन्या रबरी नळ्या एकदा तपासाव्या लागणार. 2020 नंतरच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, आणि ते मिळायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धाव. महिनाभर सोसायटीत उभी आणि मधेच भाजी आणायला बाहेर पडणाऱ्या गाडीला हा फिल्टर लवकर रुसतो.

दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्या भागात 10 वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली आणि मालकांना त्या बाहेर काढाव्या लागल्या. पत्रा चांगला असू शकतो, पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीच आटते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर फिटनेस दाखवून दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आपल्या 2014 च्या इनोव्हाला ते 2029 ला करावं लागेल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवणारा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि मालकी बदलायच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या त्याच बैठकीत घ्या. विकणारा ‘उद्या करू की, कुठं पळून जातोय’ म्हणाला, तर उरलेले पैसेही उद्याच द्या.