उसनवारीची शिस्त : संगणकाच्या स्मृतीचे रक्षण

नागपूरच्या मिहान प्रकल्पात टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांची केंद्रे कार्यरत असून अनेक तरुण अभियंते तेथे संगणकीय आज्ञावली लिहितात. या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांनी ज्या नव्या भाषांची ओळख करून घ्यावी, त्यांत 'रस्ट' ही महत्त्वाची होय. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये आरंभ केलेल्या या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

तपासणी कशासाठी ?

आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीच्या सदोष हाताळणीतून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये नमूद केले होते. हा धोका टाळण्यासाठी रस्टचा संकलक आज्ञावली चालण्यापूर्वीच तिची 'उसनवारी' तपासतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंदवही एकाच वेळी अनेकांनी वाचण्यास हरकत नसते. मात्र दुरुस्ती करणारा एकच असावा आणि त्या वेळी इतरांनी ती वाचू नये. रस्टचा नियमही हाच आहे. प्रत्येक माहितीस एकच मालक असतो आणि उसनी घेतलेली वस्तू मालकापेक्षा अधिक काळ टिकू शकत नाही.

निराकरणाचे मार्ग

समजा, यादीतील पहिले नाव उसने घेतले आणि ते वापरण्यापूर्वीच यादीत नवे नाव जोडले. जागा अपुरी पडल्यास संपूर्ण यादी स्मृतीत अन्यत्र हलते व उसना संदर्भ निरर्थक ठरतो. म्हणून संकलक ०५०२ क्रमांकाची चूक दर्शवितो. यावर उपाय तीन : वाचन आधी पूर्ण करून मग भर घालावी; नावाऐवजी त्याचा अनुक्रमांक जपावा; अथवा नावाची स्वतंत्र प्रत घ्यावी. पहिला उपाय बहुधा पुरेसा ठरतो, कारण २०१८ च्या आवृत्तीपासून उसनवारी शेवटच्या वापरापाशीच संपते.

कार्य संपताच नष्ट होणाऱ्या माहितीचा संदर्भ परत देऊ पाहिल्यास संकलक तोही नाकारतो. तेथे संदर्भाऐवजी मूळ माहितीच मालकीसह सुपूर्द करावी.

नवशिके पुष्कळदा सर्वत्र प्रती काढून सुटका करून घेतात. त्याने चूक मिटते. परंतु विनाकारण काढलेल्या प्रतींनी स्मृती व वेळ खर्ची पडतो, शिवाय एका प्रतीतील दुरुस्ती दुसरीत उमटत नाही. म्हणून 'या माहितीचा मालक कोण, आणि तिची गरज कोठवर ?' हा प्रश्न प्रथम सोडवावा. संगणकशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हीच सवय लावल्यास चुकीची सूचना अडथळा न राहता मार्गदर्शक ठरेल.